पाइप, बोल आणि परमुलखातलं गवत : डेव्हिड ब्रायंटची गोष्ट

(भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले "म्हणजे" आणि "काय आहे ना" बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, ते राहू दिलेत.)

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चार महिलांनी लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा दोन-तीन दिवस आपल्याकडे सगळ्या घरांत एकच प्रश्न होता : हा खेळ नेमका काय असतो? व्हॉट्सअ‍ॅपवर "आजोबा-आज्जींचा खेळ" म्हणून विनोदही फिरले. मग बॅडमिंटनची पदकं आली, कुस्तीची आली आणि विषय मागे पडला. त्या चौघींबद्दल आज बोलूच, पण त्याआधी मला तुम्हाला एका माणसाची कारकीर्द सांगायची आहे. ती नीट समजून घेतली की हा खेळही समजतो. आणि "म्हाताऱ्यांचा खेळ" म्हणजे काय, याचंही उत्तर मिळतं. ते जरा अनपेक्षित आहे.

माणसाचं नाव डेव्हिड ब्रायंट. जन्म २७ ऑक्टोबर १९३१, गाव क्लीव्हडन. इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेटमध्ये, ब्रिस्टल चॅनलच्या काठावर हे छोटं गाव आहे. पेशानं शाळामास्तर. चेहरा अगदी आपल्या शाळेतल्या एखाद्या शांत सरांसारखा. आणि खेळताना तोंडात पाइप! बऱ्याचदा विझलेला, पण दातांत घट्ट धरलेला. जुनी चित्रफीत पाहिलीत तर दिसेल, माणूस पार उकिडवा बसतो, तिथून उठत उठत एक पाऊल पुढे टाकतो, बोल हातातून सुटतो, आणि पाइप आहे तिथेच. हा माणूस मैदानी खेळात तीनदा एकेरीचा जगज्जेता झाला : १९६६, १९८० आणि १९८८. पहिल्या आणि तिसऱ्या किताबात बावीस वर्षांचं अंतर. तिसऱ्या वेळी वय छप्पन्न.

आता छप्पन्नाव्या वर्षी जगज्जेता म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणणार, बघा, म्हणजे दमच लागत नाही या खेळात. थांबा. आधी खेळ समजून घेऊ.

लहानपणी गोट्या खेळला असालच. एक गोटी लांब ठेवायची आणि बाकीच्यांनी आपापली गोटी तिच्या जवळात जवळ न्यायची. लॉन बोल्सचा गाभा एवढाच. लांब ठेवलेल्या छोट्या पांढऱ्या किंवा पिवळ्या चेंडूला जॅक म्हणतात. त्याचा व्यास सुमारे सहा सेंटिमीटर. तो किमान २३ मीटर अंतरावर असावा लागतो. खेळाडू मॅटवर उभा राहून मोठे बोल घरंगळत सोडतो. (बोल म्हणजे इथे शब्द नव्हे, मोठा गोळा. मराठीत हा घोळ होणारच.) एका बोलचं वजन जास्तीत जास्त १.५९ किलो असू शकतं. एकेरीत प्रत्येकाकडे चार बोल. सगळे टाकून झाले की प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या बोलपेक्षा तुमचे जितके बोल जॅकला जवळ, तितके गुण तुमचे. त्याला एक 'एंड' म्हणतात. मग उलट्या दिशेनं दुसरा एंड. जुन्या पद्धतीत आधी २१ गुण करणारा जिंकायचा, पुढे २५ आले, हल्ली सेट असतात.

एवढंच असतं तर खरंच सोपं होतं. पण गंमत अशी की हा बोल सरळ जातच नाही.

त्याला 'बायस' असतो. पुष्कळांना वाटतं आत एका बाजूला शिसं भरलेलं असेल. कोणे एके काळी तसं करतही असत. आजच्या बोलमध्ये वजन सगळीकडे सारखं असतं, फरक असतो तो आकारात. एक बाजू थोडी जास्त फुगीर, दुसरी थोडी कमी. त्यामुळे घरंगळताना तो हळूहळू एका बाजूला झुकतो आणि वळत जातो. पूर्वी हे बोल लिग्नम व्हिटी नावाच्या अतिशय जड, टणक लाकडाचे असत. विसाव्या शतकात मेलबर्नच्या हेन्सेल कुटुंबानं आधी रबराचे आणि मग प्लास्टिकचे बोल आणले. कारखान्यात साच्यातून एकसारखे निघणारे. त्यानं खेळ बदलला, कारण लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं, आकसतं.

वळण कसं पडतं, हे सांगायला माझ्याकडे भोवऱ्याइतका चांगला दाखला नाही. भोवरा जोरात फिरत असतो तेव्हा ताठ उभा असतो. गती कमी झाली की डुलायला लागतो, आणि जसजशी आणखी मंदावते तसतसा भराभर डुलतो. बोलचं तेच होतं. सुटताना त्याला वेग असतो, तेव्हा तो जवळजवळ सरळ जातो. वेग ओसरला की वळायला लागतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये चांगलाच आत वळतो. म्हणजे खेळाडूनं जॅककडे नेम धरायचाच नाही. जॅकच्या बाजूला, रिकाम्या गवताकडे बघून बोल सोडायचा आणि तो वळून कुठे येईल, तिथे जॅक असायला हवा. शिवाय थांबायलाही तिथेच हवा. दिशा आणि जोर, दोन्ही एकमेकांत अडकलेले. जोर थोडा जास्त झाला तर वळण उशिरा पडतं, म्हणजे दिशाही चुकते.

आता कारकीर्दीकडे. पण अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते ब्रायंटच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी : गवत.

कॅरम खेळताना बोर्डावर बोरिक पावडर टाकतो ना आपण? पावडर भरपूर असली की स्ट्रायकर नुसता हलक्या टिचकीनं पार पलीकडे जातो. पावसाळ्यात बोर्ड दमट झाला की तोच शॉट मारायला बोट दुखतं. बोल्समध्ये ग्रीनचं, म्हणजे मैदानाचं, तसंच असतं. इंग्लंडचं गवत ओलसर, दाट, जड. ऑस्ट्रेलियात ऊन, घट्ट जमीन, बारीक कापलेलं गवत. न्यूझीलंडमध्ये तर अनेक ग्रीन्सवर गवतच नसतं. कोट्युला नावाची जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती असते, गालिच्यासारखी सपाट. तिथे बोल घसरत गेल्यासारखा जातो.

ग्रीनची गती मोजायची पद्धत ऐकून पहिल्यांदा सगळे गोंधळतात. साधारण २७ मीटरवर जाऊन थांबणारा बोल किती सेकंदांत पोहोचतो, ते मोजतात. इंग्लंडमध्ये हा आकडा दहा-बारा सेकंद. न्यूझीलंडमध्ये सतरा-अठरा, कधी त्याहून जास्त. आणि ज्याला जास्त सेकंद लागतात त्या ग्रीनला 'फास्ट' म्हणतात! उलटं वाटतं, पण बरोबर आहे. जड गवतात बोल पोहोचवायचा तर सुरुवातीला जोरात सोडावा लागतो, तो झपकन जातो आणि झपकन थांबतो. फास्ट ग्रीनवर तो अगदी हळू सोडायचा, आणि तो आपला जात राहतो, जात राहतो.

इथे मी एक छोटा हिशेब केला, कागद-पेन्सिल घेऊन. वेग एकसारखा कमी होत जातो असं धरलं, तर बारा सेकंदांच्या ग्रीनवर बोल साधारण ४.५ मीटर प्रतिसेकंद वेगानं सोडावा लागेल. अठरा सेकंदांच्या ग्रीनवर फक्त ३ मीटर प्रतिसेकंद. आता समजा हाताची चूक दोन्हीकडे तेवढीच झाली, सेकंदाला फक्त १० सेंटिमीटरची. जड ग्रीनवर बोल सुमारे १.२ मीटर पुढे-मागे पडेल. फास्ट ग्रीनवर १.८ मीटर. शिवाय फास्ट ग्रीनवर बोल जास्त वेळ मंद गतीनं फिरतो, म्हणून वळणही कितीतरी रुंद पडतं. थोडक्यात, इंग्लंडच्या ओल्या गवतावर वाढलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये नेऊन उभा केला, की त्याचे हात, त्याचा अंदाज, वर्षानुवर्षांची सवय, सगळं चुकीचं ठरतं. क्रिकेटमध्ये आपली मंडळी पर्थला गेली की चेंडू कानाजवळून जायचा, तसंच काहीसं.

हे डोक्यात ठेवा आणि आता ब्रायंटची यादी ऐका.

घरात खेळ आधीपासून होता. आजोबा खेळायचे, वडील रेज खेळायचे. १९५७ मध्ये क्लीव्हडनच्या चौकडीनं इंग्लंडची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्यात बाप-लेक दोघंही होते. १९६० मध्ये डेव्हिड पहिल्यांदा इंग्लंडचा एकेरी विजेता झाला. वय अठ्ठावीस. त्या वेळी हा खेळ निवृत्त लोकांचा समजला जायचा, त्यामुळे अठ्ठाविशीचा मास्तर म्हणजे पोरगाच.

मग १९६२, पर्थ. पश्चिम ऑस्ट्रेलिया. त्या राष्ट्रकुल स्पर्धा अजून उन्हाळ्यासाठी आठवल्या जातात; तापमान चाळिशीच्या घरात. सॉमरसेटचा माणूस तिथे एकेरीचं सुवर्ण जिंकतो आणि चौकडीचंही. एका झटक्यात दोन.

१९६६ ची राष्ट्रकुल स्पर्धा जमैकात किंग्स्टनला झाली. १९३० मध्ये हॅमिल्टनला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून लॉन बोल्स तिच्यात आहे, फक्त एका वर्षाचा अपवाद, आणि तो नेमका हाच. ब्रायंट ऐन भरात असताना एक सुवर्णपदक खेळायलाच मिळालं नाही. पण त्याच वर्षी सिडनीजवळ कायीमा इथे पहिलीवहिली जागतिक स्पर्धा भरली. ब्रायंट तिथे गेला आणि पहिला जगज्जेता झाला. त्याच वर्षी इंग्लंडचा एकेरी किताबही त्याचाच.

पुढे १९७० एडिंबरा, एकेरी सुवर्ण. १९७४ क्राइस्टचर्च, एकेरी सुवर्ण. १९७८ एडमंटन, एकेरी सुवर्ण. म्हणजे १९६२ ते १९७८ या सोळा वर्षांत राष्ट्रकुलमध्ये जेवढ्या वेळा बोल्स खेळलं गेलं, तेवढ्या वेळा एकेरीचं सुवर्ण एकाच माणसानं नेलं. चार वेळा, तीन खंडांत. इंग्लंडचा एकेरी किताब एकूण सहा वेळा : १९६०, ६६, ७१, ७२, ७३ आणि ७५.

आता मला यात जे दिसतं ते सांगतो, पटतं का बघा. जागतिक मैदानी एकेरीचे त्याचे तीन किताब कुठले? १९६६ सिडनीजवळ. १९८० फ्रँकस्टन, म्हणजे मेलबर्नजवळ. १९८८ ऑकलंड. तिन्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, फास्ट ग्रीनवर! आणि जागतिक स्पर्धा जेव्हा त्याच्या दारात आली तेव्हा? १९७२ मध्ये इंग्लंडच्या वर्दिंगला एकेरीचा किताब वेल्सच्या माल्विन इव्हान्सनं नेला. नीट बघा, १९७१, ७२, ७३ ही लागोपाठ तीन वर्षं इंग्लंडचा विजेता ब्रायंट आहे, आणि घरच्या जागतिक स्पर्धेत नाव दुसऱ्याचं. १९८४ मध्ये स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला न्यूझीलंडचा पीटर बेलिस जिंकला. बेलिस फास्ट ग्रीनवरून येऊन जड ग्रीनवर जिंकला, ब्रायंट बरोबर उलटं करत होता.

माझा तर्क असा : जड गवत चुका पोटात घालतं. तो मघाचा १.२ मीटरचा हिशेब. त्यामुळे तिथे चांगला खेळाडू आणि फार चांगला खेळाडू यांच्यातलं अंतर कमी दिसतं, एखाद्या दिवशी कोणीही कोणाला हरवतो. फास्ट ग्रीनवर हाताची नजाकत उघडी पडते. ज्याचा हात खरोखर स्थिर, त्याला तिथे जास्त फायदा. ब्रायंटचा हात तसा होता. तो उकिडवा बसून सुरुवात करायचा, त्याचंही कारण मला इथेच सापडतं. शरीर खाली असलं की बोल जमिनीला जवळ सुटतो, आपटत नाही, उडत नाही. आणि दर वेळी एकाच जागेवरून उठायचं असल्यामुळे हालचाल दर वेळी तीच राहते. तुमच्या गुडघ्यांची परवानगी असेल तर करून बघा. पन्नासाव्या वर्षी दिवसातून शंभर वेळा असं उठबस करणाऱ्याला "दम लागत नाही" म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच करून बघा.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न आपल्या मनात येतोच. हा खेळ त्या काळी पूर्ण हौशी. जिंकलात तर करंडक, टाळ्या आणि चहा. ब्रायंट १९७१ पर्यंत शाळेत शिकवत होता. मग नोकरी सोडली आणि खेळाच्या साहित्याच्या व्यवसायात गेला, पुढे बोल्स बनवणाऱ्या कंपनीशी जोडला गेला. चाळिशीला आलेला, बायको आणि दोन मुली असलेला माणूस मास्तरकीची कायमची नोकरी सोडतो, तेही अशा खेळाच्या भरवशावर ज्यात तेव्हा पैसाच नाही! आपल्याकडे घरी सांगून बघा. सरकारनं त्याला १९६९ मध्ये एमबीई आणि १९८० मध्ये सीबीई दिलं, पण मानपत्रानं किराणा भरत नाही.

त्याला तारलं टीव्हीनं. १९७० च्या दशकाच्या शेवटी बीबीसीनं वर्दिंगहून बोल्स दाखवायला सुरुवात केली, कार्यक्रमाचं नाव 'जॅक हाय'. प्रायोजक आले, बक्षिसाची रक्कम आली. आणि टीव्हीला हवं असतं एक चेहरा ओळखता येईल असं पात्र. पाइपवाला, उकिडवा बसणारा, कधीच न चिडणारा माणूस. यापेक्षा चांगलं पात्र कोणी लिहूनही काढलं नसतं. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या कोटब्रिजला जागतिक इनडोअर स्पर्धा सुरू झाली. गालिच्यावर, छताखाली, पावसाची भीती नाही, कॅमेऱ्याला सोयीचं. पहिली तीनही वर्षं, १९७९, ८०, ८१, एकेरीचा विजेता ब्रायंट. प्रायोजक होती एक सिगारेट कंपनी, म्हणजे पाइपला कोणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. आज हे चाललं नसतं, आणि ते बरंच आहे.

१९८० हे वर्ष तर कमाल. फ्रँकस्टनला मैदानी एकेरीचा जागतिक किताब. त्याच स्पर्धेत तिघांच्या सांघिक गटातही सुवर्ण, सोबत जिमी हॉब्डे आणि चोवीस वर्षांचा एक नवा मुलगा, टोनी ऑलकॉक. शिवाय इनडोअरचा किताब आहेच. एकाच वर्षी मैदानातला आणि छताखालचा, दोन्ही एकेरी जगज्जेता. वय अठ्ठेचाळीस.

या ऑलकॉकवर जरा थांबू या. दोघांच्या वयात जवळपास चोवीस वर्षांचं अंतर. ब्रायंटचा मुलगा शोभेल असा. पुढे या जोडीनं जागतिक इनडोअर दुहेरी किताब सहा वेळा जिंकला : १९८६, ८७, ८९, ९०, ९१ आणि ९२. शेवटच्या वेळी ब्रायंट साठ वर्षांचा होता. ऑलकॉक स्वतः १९९२ आणि १९९६ मध्ये मैदानी एकेरीचा जगज्जेता झाला, पुढे इंग्लंडच्या बोल्स संघटनेचा प्रमुख, आणि त्याहीपुढे चक्क ब्रिटनच्या केनेल क्लबचा अध्यक्ष. कुत्र्यांच्या स्पर्धा भरवणारी संस्था ती. विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

दुहेरीत आणि चौकडीत हा खेळ कसा बदलतो, ते सांगताना आता आपण परत २०२२ ला जाऊ. चौकडीत प्रत्येकाकडे दोनच बोल असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. पहिला तो 'लीड' : त्यानं जॅक टाकायचा आणि त्याच्या जवळ बोल नेऊन ठेवायचा. दुसऱ्यानं ती स्थिती भक्कम करायची किंवा सुधारायची. तिसऱ्यानं पलीकडे उभं राहून अंतर मोजायचं, कप्तानाला सल्ला द्यायचा आणि गरज पडली तर समोरच्याचा बोल उडवायचा. शेवटचा 'स्किप', म्हणजे कप्तान. बाकी तिघं टाकत असताना तो जॅकजवळ उभा राहून दाखवतो, इथून टाक, इतकं वळण घे. आणि सगळे टाकून झाले की सर्वांत शेवटी, सर्वांत जास्त दडपण असताना, त्याचे दोन बोल. तोपर्यंत जॅकभोवती बारा बोलांची गर्दी झालेली असते.

बर्मिंगहॅमच्या स्पर्धेतलं बोल्स रॉयल लेमिंग्टन स्पा या गावी, व्हिक्टोरिया पार्कमध्ये झालं. भारताची लीड होती लवली चौबे, झारखंड पोलिसांत नोकरी, आधी अ‍ॅथलेटिक्समध्ये. दुसरी पिंकी, दिल्लीत शाळेत खेळाची शिक्षिका. तिसरी नयनमोनी सैकिया, आसामची. आधी वेटलिफ्टिंग करायची, दुखापतीमुळे सोडावं लागलं, तेव्हा वन खात्यात नोकरी. स्किप रूपा राणी तिर्की, रांचीची, आधी कबड्डी खेळायची. बघा, चौघींच्या गोष्टीत एक गोष्ट सामाईक आहे : यातली कोणीही लहानपणी लॉन बोल्सपटू व्हायचं ठरवलेलं नव्हतं. ब्रायंटच्या घरात आजोबांपासून ग्रीन होती. यांच्याकडे ग्रीन नव्हती, दुसरा खेळ सुटला म्हणून या इथे आल्या, आणि मग वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून टिकून राहिल्या. शाळामास्तर असलेला ब्रायंट आणि शाळेत खेळ शिकवणारी पिंकी, यांच्यात साठ वर्षांचं अंतर आहे, पण पोटापाण्याचं गणित फारसं बदललेलं नाही.

उपांत्य फेरीत त्यांनी न्यूझीलंडला १६–१३ असं हरवलं. न्यूझीलंड म्हणजे या खेळातलं मोठं घराणं. २ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना. भारत ८–२ पुढे. मग आफ्रिकेनं बरोबरी साधली आणि ८–१० अशी आघाडीही घेतली. अशा वेळी हा खेळ क्रूर होतो, कारण तुम्ही धावून, ओरडून, घाम गाळून राग काढू शकत नाही. हळूच वाकायचं आणि दीड किलोचा गोळा हळूच सोडायचा असतो, थरथरणाऱ्या हातानं. त्यानंतर आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. १७–१०. राष्ट्रकुलमधलं भारताचं या खेळातलं पहिलं पदक, तेही थेट सुवर्ण. काही दिवसांत पुरुषांच्या चौकडीनं रौप्य मिळवलं. आणखी एक नोंद : राष्ट्रकुलमध्ये महिलांना बोल्स खेळायची परवानगीच मिळाली ती १९८२ मध्ये, ब्रिस्बेनला. म्हणजे ब्रायंटची चारही राष्ट्रकुल एकेरी सुवर्णं होऊन गेल्यावर. नयनमोनीला नंतर अर्जुन पुरस्कार मिळाला, पिंकीलाही.

काही श्रोते विचारतील, एवढं सगळं ठीक, पण आपल्याला त्याचं काय? तर २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत खर्चासाठी खेळ कापून दहावर आणलेत. हॉकी गेली, कुस्ती गेली, बॅडमिंटन गेलं, क्रिकेट गेलं. नेमबाजी तर २०२२ लाच नव्हती. आपली हक्काची पदकं जिथून यायची ते बरेचसे खेळ बाहेर. राहिलेल्या दहांत बोल्स आहे. ज्यावर आपण विनोद फॉरवर्ड केले, तोच. आणि या वेळी ते गवतावर नाही, छताखाली गालिच्यावर खेळलं जाणार आहे. म्हणजे ज्या देशात मोजक्याच ग्रीन आहेत, तिथल्या खेळाडूंना आता आणखी वेगळ्या पृष्ठभागाची सवय करायची. मघाचा बोरिक पावडरचा मुद्दा पुन्हा तिथेच येतो. मला विचाराल तर सरावासाठी चांगला इनडोअर गालिचा मिळणं हे आत्ता त्यांच्यासाठी कुठल्याही सत्कारापेक्षा महत्त्वाचं आहे.

आता "म्हाताऱ्यांचा खेळ". क्रिकेटचे दाढीवाले आद्यपुरुष डब्ल्यू. जी. ग्रेस आठवतात? १९०३ मध्ये इंग्लंडची बोल्स संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच. क्रिकेटमधून उतरल्यावर खेळायचा खेळ, ही प्रतिमा तिथपासूनची आहे आणि ती पूर्ण खोटीही नाही. या खेळात साठीतला माणूस विशीतल्याला हरवू शकतो. पण त्याचा अर्थ खेळ सोपा आहे असा काढणं मला चुकीचं वाटतं. धावण्यात पंचविशीनंतर शरीर तुम्हाला बाहेर काढतं, त्यामुळे विजेत्याला दर चार-पाच वर्षांनी नवे प्रतिस्पर्धी मिळतात आणि तो स्वतः निघून जातो. बोल्समध्ये कोणी निघूनच जात नाही. ब्रायंटला १९८८ मध्ये ऑकलंडला जिंकताना आपल्या वयाच्या लोकांना हरवायचं होतं, आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असलेल्यांनाही, आणि जे १९६६ पासून त्याचा खेळ बघत, शिकत आले होते त्यांनाही. तुमचा प्रत्येक डाव माहीत असलेले लोक वाढतच जातात. अशा गर्दीत बावीस वर्षांनी पुन्हा पहिलं येणं मला शंभर मीटरच्या सुवर्णाइतकंच अवघड वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर कळवा, भांडू.

ब्रायंट २७ ऑगस्ट २०२० रोजी वारला, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. त्याच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती इंटरनेटवर सापडतात. बघताना जॅककडे बघू नका, बोल सोडताना तो कुठे बघतोय तिकडे बघा. जॅकपासून बरंच लांब, मोकळ्या गवताकडे बघत असतो.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या भागात भेटू.